मॉडेल जुळलं, पण उरलेला फरक काय सांगतो?

दोरीला एक लोखंडी नट बांधा आणि हलकेच झुलवा. दोरी २० सेंटिमीटर असेल तर एका पूर्ण झोक्याला सुमारे ०.९० सेकंद लागतात. ४० सेंटिमीटरला १.२७, ६० ला १.५५, ८० ला १.७९ आणि १०० ला २.०१. हे पाच आकडे स्प्रेडशीटमध्ये भरा, आलेख काढा आणि ट्रेंडलाइनचं बटण दाबा. पाचही ठिपक्यांना जवळजवळ चिकटून जाणारी सरळ रेषा येईल आणि आर-स्क्वेअर, म्हणजे रेषा ठिपक्यांना किती जुळते ते सांगणारा आकडा (१ म्हणजे तंतोतंत), दिसेल ०.९९. नवखा माणूस इथे खूश होऊन फाइल बंद करतो.

आता तीच रेषा मागे ओढा. शून्य लांबीच्या दोरीचा झोका तिच्या मते ०.६८ सेकंदांचा. दोरीच नाही, तरी झोका! पुढे ओढा, तर चार मीटरच्या दोरीला ती सहा सेकंदांहून जास्त वेळ सांगते. प्रत्यक्षात लागतात चार. म्हणजे ०.९९ हा आकडा खोटा नव्हता, पण तो आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही नव्हता.

रेषा चुकलीय हे ओळखायला शून्यापर्यंत किंवा चार मीटरपर्यंत जायचीही गरज नव्हती. प्रत्येक ठिपक्यासाठी 'मोजलेली वेळ वजा रेषेने सांगितलेली वेळ' असा एक रकाना करा. क्रमाने येतं : उणे ०.०६, अधिक ०.०४, अधिक ०.०५, अधिक ०.०१, उणे ०.०४. दोन्ही टोकांना उणे, मध्ये अधिक. मोजताना हात मागेपुढे झाला असता तर चिन्हं कशीही विखुरली असती. इथे कमान दिसते. रेषेला जे जमलं नाही ते या कमानीत उतरलंय. पाच ठिपक्यांवर कमान योगायोगानेही दिसू शकते, म्हणून शंका आली की आणखी मोजायचं. पण शंका येण्यासाठी हा रकाना हवाच.

भौतिकशास्त्र असो, धंद्याचे अंदाज असोत, शेअर बाजार असो की साथीचे रोग, मॉडेल बांधायला बसलेल्या माणसाने सर्वांत आधी हा रकाना वाचायला शिकावं असं माझं मत आहे. बाकीच्या पायऱ्या तिथपर्यंत नीट पोहोचण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : प्रश्न एका वाक्यात, एककासकट

'विक्रीचं मॉडेल करायचंय' हा प्रश्न नाही. 'पुढच्या चार आठवड्यांत या वस्तूचे किती नग लागतील आणि तो आकडा किती खाली-वर होऊ शकतो' हा प्रश्न आहे. कशाचा आकडा, कोणत्या एककात, किती काळासाठी आणि तो हातात आल्यावर कोण काय ठरवणार, एवढं लिहून काढा. शेवटचं सुचत नसेल तर मॉडेलची गरज नसावी. हे लिहायला पाच मिनिटं लागतात आणि बहुतेक जण नेमकी हीच पाच मिनिटं वाचवतात.

दुसरी पायरी : नियमाकडून निघायचं की नोंदींकडून

झोक्याचा वेळ काढायचे दोन रस्ते आहेत. एक वर केला तो : मोजा, ठिपके मांडा, त्यांच्यातून जाणारी रेषा शोधा. हे संख्याशास्त्रीय मॉडेल. 'असं का होतं' ते याला माहीत नसतं आणि ते तसा दावाही करत नाही. दुसरा रस्ता म्हणजे गुरुत्व आणि गतीचे नियम घ्यायचे आणि कागदावर समीकरण सोडवायचं. उत्तर येतं : दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ = २π × √(लांबी ÷ गुरुत्वत्वरण). हे सैद्धांतिक मॉडेल. ते एकही झोका न मोजता एक मीटर दोरीला २.०१ सेकंद सांगतं, आणि शून्य लांबीला शून्य सांगायचं भानही त्याला आहे.

मग नेहमी सिद्धांतच का घेऊ नये? कारण बहुतेक ठिकाणी तो उपलब्धच नसतो. गिऱ्हाईक एखादी वस्तू का उचलतं याचं न्यूटनच्या तोडीचं समीकरण कुणाकडे नाही. तिथे नोंदींवरच भिस्त. याउलट उद्या सोडायच्या यानाच्या कक्षेच्या शंभर नोंदी आधी मिळणार नाहीत. तिथे नियमच हवेत. रोजच्या कामात दोन्हींची मिसळ होते : आकार सिद्धांताकडून घ्यायचा आणि त्यातले प्राचल, म्हणजे समीकरणातले ठरवायचे आकडे, नोंदींवरून बसवायचे. साथीच्या मॉडेलमध्ये 'रोगी आणि निरोगी भेटले की लागण होते' हा आकार विचाराने येतो. दर भेटीत किती लागण, हे नोंदी सांगतात.

साधा आडाखा सांगतो. उत्तर नोंदींच्या पल्ल्याच्या आतलं हवं असेल तर संख्याशास्त्र बहुधा पुरतं. पल्ल्याच्या बाहेरचं हवं असेल तर काही ना काही कारण, काही ना काही सिद्धांत हाताशी असल्याशिवाय पाऊल टाकू नका.

तिसरी पायरी : काय सोडलं त्याची यादी

लंबकाच्या सूत्रात हवेचा विरोध नाही, दोरीला वजन नाही आणि झोका लहान धरलाय. यांतलं काय कधी महाग पडतं हे आकड्यांत काढून ठेवा. मध्यापासून १० अंश बाजूला नेऊन सोडलं तर सूत्राची चूक ०.२ टक्के, ३० अंशांना सुमारे १.७ टक्के, ६० अंशांना ७ टक्क्यांच्या वर. आता यादीतली ओळ 'झोका लहान धरला' अशी न राहता '३० अंशांच्या आत असेल तर दोन टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घेतली' अशी होते. अशी ओळ दुसऱ्याला वापरता येते.

धंद्याच्या आणि पैशाच्या मॉडेलमध्ये हमखास सुटणाऱ्या तीन ओळी : उद्याचा काळ कालच्यासारखाच असेल, एका घटनेचा दुसरीशी संबंध नाही, आणि आपलं मॉडेल पाहून लोक वागणं बदलणार नाहीत. ग्रह आपलं गणित वाचत नाहीत. बाजारातली माणसं वाचतात.

चौथी पायरी : संगणक उघडण्याआधी कागद

दोन चाचण्या पुरतात. पहिली एककांची : डावीकडे सेकंद असतील तर उजवीकडेही सेकंदच यायला हवेत. दुसरी टोकांची : एखादा आकडा शून्याकडे किंवा फार मोठा नेला तर उत्तर शहाण्यासारखं वागतं का?

टोकाची चाचणी किती शिकवते ते रांगेच्या मॉडेलमध्ये बघण्यासारखं आहे. हे शास्त्र डेन्मार्कच्या एर्लांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना उभं केलं. त्यांचा पहिला लेख १९०९ चा. सर्वांत साधा प्रकार घेऊ. एकच खिडकी आहे, माणसं केव्हाही येतात आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही कमीजास्त होतो. खिडकीवरचा माणूस एकूण वेळेच्या किती भागात कामात असतो, त्याला व्यग्रता म्हणू. रांगेत आणि खिडकीवर मिळून सरासरी किती माणसं असतील? व्यग्रता भागिले एक वजा व्यग्रता.

आकडे घाला. व्यग्रता ८० टक्के असेल तर ०.८ भागिले ०.२, म्हणजे ४ माणसं. ९० टक्क्यांना ९. ९५ टक्क्यांना १९. एका कामाला सरासरी पाच मिनिटं लागत असतील तर येऊन काम उरकून जाईपर्यंतचा सरासरी वेळ अनुक्रमे २५, ५० आणि १०० मिनिटं. ९० वरून ९५ वर, फक्त पाच टक्के जास्त काम घेतलं आणि लोकांचा वेळ दुप्पट झाला. व्यवस्थापकाला ९५ टक्के व्यग्रता ही कार्यक्षमता वाटते, रांगेतल्या माणसाला ती काय वाटते ते विचारायला नको.

आता समजा, तुमच्याकडे व्यग्रता ५० ते ८० टक्क्यांमधल्याच नोंदी आहेत. त्यांच्यावर सरळ रेषा बसवली तर ती बरीच जुळेल आणि ९५ टक्क्यांना तोंडघशी पाडेल. छेदात 'एक वजा व्यग्रता' आहे, म्हणून शंभर टक्क्यांकडे जाताना रांग कोणतीच मर्यादा पाळत नाही. हे कागदावर दोन मिनिटांत दिसतं. नोंदींमध्ये ते अजून घडलेलंच नसतं.

पाचवी पायरी : आकडे डोळ्यांनी बघा, आणि गैरहजर कोण तेही

संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच छापले. चौघांच्या सरासऱ्या सारख्या, सहसंबंध, म्हणजे दोन राशी किती बरोबरीने बदलतात त्याचा आकडा, सगळीकडे ०.८२ च्या आसपास, बसवलेली रेषाही तीच. आलेख काढला की एक सरळ आहे, एक वाकलेला, एकात एकच ठिपका भरकटलेला, आणि एकात तर रेषा एका ठिपक्याच्या जिवावर उभी. सरासरी आणि सहसंबंध काढण्याआधी आलेख काढायचा, तो यासाठी.

आलेखात जे नाही ते ओळखणं जास्त कठीण. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी कोसळलं. आदल्या संध्याकाळी अभियंते आणि अधिकारी थंडीचा रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांवर काय परिणाम होईल यावर वाद घालत होते. ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती तेवढीच समोर ठेवली तर थंडीचा संबंध ठळक दिसत नव्हता, कारण इजा थंडीतही झाली होती आणि उबेतही. इजा न झालेली उड्डाणंही त्याच आलेखात मांडली की चित्र पालटतं : ६६ अंश फॅरनहाइट किंवा जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी ३ मध्ये इजा, ६३ किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा. आणि उड्डाणाच्या सकाळी तापमान होतं गोठणबिंदूच्या आसपास, म्हणजे नोंदींच्या पल्ल्याच्या कितीतरी बाहेर.

तुमच्या तक्त्यातही अशी गैरहजर मंडळी असतात. सोडून गेलेले ग्राहक, बंद पडलेल्या कंपन्या, प्रयोगातून मध्येच गळलेले रुग्ण, 'उत्तर मिळालं नाही' म्हणून वगळलेल्या चाचण्या. तक्ता कुणी बनवला आणि त्याने काय गाळलं, हे त्याला विचारूनच घ्या.

सहावी पायरी : प्राचल थोडे, आणि परीक्षेचे आकडे वेगळे

मी पहिल्यांदा मागणीचा अंदाज केला तेव्हा बारा महिन्यांचे बारा आकडे होते. मी सहाव्या घाताची वक्ररेषा बसवली. काय सुंदर वळणं घेत जायची! पुढच्या महिन्यात तिने उणे विक्री सांगितली. म्हणजे लोक वस्तू परत आणून देणार होते बहुतेक. बैठकीत हसू झालं ते झालंच, पण धडा मिळाला : बारा आकड्यांवर सात प्राचल बसवले की मॉडेल आकड्यांमधला गोंगाटही पाठ करतं.

उपाय जुना आहे. काही नोंदी बाजूला काढा, मॉडेल बसवताना त्यांना हात लावू नका, आणि शेवटी एकदाच त्यांच्यावर परीक्षा घ्या. 'एकदाच'वर जोर आहे. परीक्षा घेऊन, मॉडेल सुधारून, पुन्हा त्याच नोंदींवर परीक्षा असं दहा वेळा केलं तर पेपर फुटलेला असतो.

नोंदी काळाच्या क्रमाने असतील, विक्री, भाव, रुग्णसंख्या, तर बाजूला काढायच्या त्या शेवटच्या. मधूनमधून चिठ्ठ्या टाकून उचलू नका. नाहीतर मॉडेलला जून आणि ऑगस्ट माहीत असतात आणि तुम्ही त्याला जुलै विचारता. प्रत्यक्ष वापरात त्याला ऑगस्ट कधीच माहीत नसणार.

सातवी पायरी : बाळबोध प्रतिस्पर्धी उभा करा

कोणत्याही मॉडेलसमोर एक अगदी भोळा अंदाज ठेवा. 'उद्या आजच्याइतकंच', 'या महिन्यात गेल्या वर्षीच्या याच महिन्याइतकं', 'सगळ्यांना सरासरी'. त्याला हरवता आलं तरच पुढे जा. ही पायरी जिवावर येते कारण बऱ्याचदा आपण हरतो.

गूगलने २००८ मध्ये लोकांच्या शोधशब्दांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज बांधायला सुरुवात केली. २०१२-१३ च्या हंगामात तो अंदाज अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या आकड्यांच्या सुमारे दुप्पट निघाला. पुढे झालेल्या तपासणीत दिसलं की केंद्राचेच दोन-तीन आठवडे जुने आकडे पुढे ओढले असते तरी अंदाज याहून बरा आला असता. एवढा मोठा विदासाठा, आणि समोर होता शिळ्या आकड्यांचा भोळा प्रतिस्पर्धी.

आठवी पायरी : उरलेला फरक

आता मुद्द्याच्या जागी आलो. फरकाचा रकाना तीन प्रकारे मांडा : काळाच्या क्रमाने, अंदाजाच्या आकाराप्रमाणे, आणि मॉडेलमध्ये न घेतलेल्या एखाद्या गोष्टीप्रमाणे. विक्रीच्या मॉडेलचे फरक वारांप्रमाणे लावून बघा. दर सोमवारी उणे येत असेल तर मॉडेलला आठवडा माहीत नाही. अंदाज मोठा तसा फरकही फाकत जात असेल तर बेरजेऐवजी गुणाकाराने, म्हणजे लॉग घेऊन, मॉडेल करून बघा. सलग दहा दिवस फरक एकाच बाजूला असेल तर काहीतरी बदललंय आणि मॉडेलला अजून कळलेलं नाही. फरक कशाहीप्रमाणे लावला तरी विस्कटलेलाच दिसला, तर हातातल्या नोंदींतून काढण्यासारखं बहुतेक काढून झालं.

नमुना दिसल्यावर काय करायचं हा मात्र वेगळा प्रश्न, आणि तो कठीण आहे. याची सर्वांत चांगली गोष्ट खगोलशास्त्रात घडली. युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. थोडासा फरक उरायचा. फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी नियम तसाच ठेवला आणि 'बाहेर एक न दिसलेला ग्रह ओढतोय' असं धरून त्याची जागा काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाल्ले यांना नेपच्यून सापडला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत.

त्याच ल व्हेरिए यांना १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतही फरक दिसला. औषध लागू पडलं होतं, तेच पुन्हा दिलं : सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याला व्हल्कन असं नावही मिळालं. अनेकांनी तो दिसल्याचं सांगितलं. पण व्हल्कन नव्हताच. शतकाला सुमारे ४३ विकला, म्हणजे एका अंशाच्या साधारण ऐंशीव्या भागाइतका तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या नव्या गुरुत्वसिद्धांताने भरून काढला. पहिल्या वेळी नोंदींत एक ग्रह कमी होता, दुसऱ्या वेळी सिद्धांतच अपुरा होता, आणि फरकाच्या रकान्याकडे नुसतं बघून हे दोन्ही वेगळे सांगता येत नव्हते. वेगळं सांगता आलं ते दुर्बीण रोखून. म्हणून फरकाला एखादं कारण जोडलंत की लगेच विचारा : हे कारण खरं असेल तर आणखी कुठे काय दिसायला हवं? आणि तिथे जाऊन बघा.

वित्तशास्त्रात हाच रकाना वेगळ्या तऱ्हेने वापरतात. ऑप्शन म्हणजे शेअर ठरल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. ब्लॅक आणि शोल्स यांचं ऑप्शनच्या किमतीचं सूत्र १९७३ चं. शेअरची चंचलता, म्हणजे त्याचा भाव किती खाली-वर होतो ते, एकच धरून सगळ्या ऑप्शनच्या किमती काढायच्या, असं ते सांगतं. बाजारातल्या किमती सूत्रात उलट्या घालून चंचलता काढली तर सगळीकडे एकच आकडा यायला हवा. १९८७ च्या पडझडीनंतर तसा तो येईना. बाजारभावाच्या बऱ्याच खालच्या, म्हणजे पडझडीचा विमा ठरणाऱ्या ऑप्शनना जास्त चंचलता दिसू लागली. व्यवहार करणाऱ्यांनी सूत्र टाकून दिलं नाही. त्या चंचलतेचा आलेख काढल्यावर येणाऱ्या वाकड्या रेषेला त्यांनी 'व्होलॅटिलिटी स्माइल' असं नाव दिलं आणि तीच वाचायला लागले. मॉडेल चुकतंय हे माहीत असून, ते किती आणि कुठे चुकतंय यावरच व्यवहार करायचा, ही कल्पना मला आजही गमतीची वाटते.

नववी पायरी : हद्द लिहा, उत्तर पट्ट्यात द्या

'५०० नग' असं उत्तर देऊ नका. '४२० ते ५८०, दहातले नऊ वेळा' असं द्या, आणि पुढे दहातले नऊ वेळा खरंच तसं होतंय का ते मोजत राहा. पट्टा कुठल्या गृहीतकावर उभा आहे तेही लिहा, कारण मोठे अपघात पट्ट्याच्या आत होत नाहीत.

१९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला. रोजच्या चढउताराचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून नेहमी किती दूर जातो त्याचं माप, एक टक्क्याच्या आसपास धरा आणि घंटेच्या आकाराचं सामान्य वितरण मॉडेल म्हणून वापरा. मग असा दिवस विश्वाच्या आजवरच्या आयुष्यातही एकदा यायला नको. तो आला, म्हणजे दुर्मीळ घटना घडली असं म्हणण्यापेक्षा वितरण चुकीचं होतं असं म्हणणं रास्त. भावांच्या बदलांची शेपूट सामान्य वितरणापेक्षा बरीच जाड असते, म्हणजे टोकाचे बदल त्याच्या अंदाजापेक्षा जास्त वेळा येतात.

दुसरं उदाहरण लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडाचं. त्याच्या भागीदारांत मर्टन आणि शोल्स होते. १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्या दोघांचं. १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली आणि एरवी एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या गुंतवणुका एकदम एकाच दिशेने बुडायला लागल्या. फंडाने उसना पैसा अफाट घेतलेला. शेवटी सप्टेंबरमध्ये १४ वित्तसंस्थांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर घालून तो सावरला. सहसंबंधाचे आकडे शांत काळातल्या नोंदींचे असतील तर यादीत तसं लिहा. घाबरलेला बाजार वेगळे आकडे दाखवतो.

शेजारच्या शास्त्रातून मॉडेल उसनं घेताना

इतकी शास्त्रं एका लेखात घेतली याचं कारण, समीकरणं गावोगाव फिरतात. १८२७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांना पाण्यातल्या परागकणांमधून निघालेले सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली सारखे थरथरताना दिसले. १९०० मध्ये पॅरिसमध्ये बॅशेलिए यांनी रोख्यांच्या भावांसाठी यदृच्छ चालीचं, म्हणजे प्रत्येक पाऊल कुठल्याही दिशेला पडू शकेल अशा भटकंतीचं, गणित प्रबंधात मांडलं. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी जवळपास तेच गणित ब्राऊनच्या कणांसाठी केलं. तिन्हीकडे नियम एकच : काळ चौपट झाला तर सरासरी भटकंती दुप्पट. म्हणूनच पेशीएवढ्या अंतरावर प्राणवायू आपोआप झिरपत जातो, पण दहापट अंतराला शंभरपट वेळ लागतो आणि मोठ्या प्राण्यांना हृदय लागतं. म्हणूनच रोजचं विचलन एक टक्का असेल तर २५० दिवसांचं २५० टक्के न होता साधारण १६ टक्के होतं.

हे उसनं घेणं स्वस्त पडतं, पण गृहीतकं सोबत येतात आणि ती नव्या गावात लागू असतीलच असं नाही. साथीच्या मॉडेलचं बघा. केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये लागण होऊ शकणारे, बाधित आणि साथीतून बाहेर पडलेले असे लोकसंख्येचे भाग करून समीकरणं लिहिली. त्यांनी आपली वक्ररेषा ज्या नोंदींवर तपासली त्या होत्या मुंबईतल्या प्लेगच्या, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या दर आठवड्याच्या मृत्यूंच्या. रेषा ठिपक्यांवर छान बसली. पण गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, आणि समीकरणांत ना उंदीर ना पिसू. चढून उतरणारी घंटेसारखी रेषा अनेक वेगवेगळ्या कारणांनी निर्माण होऊ शकते. ती जुळली म्हणून कारण सिद्ध होत नाही. मॉडेल तरीही टिकलं, आजही वापरात आहे, पण ते इतर साथींवर स्वतंत्रपणे तपासलं गेलं म्हणून.

याच कुळातलं गणित फ्रँक बास यांनी १९६९ मध्ये नव्या वस्तूंच्या विक्रीला लावलं : काही लोक आपणहून घेतात, बाकीचे घेतलेल्यांना बघून. इथे सापळा असा की सुरुवातीच्या थोड्या नोंदींवरून वाढ कुठे थांबेल ते जवळपास कळत नाही. कमाल मर्यादा एक लाख असो की एक कोटी, पहिले काही ठिपके सारखेच दिसतात. अशा वेळी मर्यादेचा आकडा नोंदींतून काढू नका. बाहेरून आणा, किंवा दोन-तीन शक्यता समोर ठेवून प्रत्येकीचं उत्तर वेगळं द्या.

आज संध्याकाळचा गृहपाठ

सॉफ्टवेअर कोणतं हा प्रश्न नवशिके सर्वांत आधी विचारतात. सुरुवातीला स्प्रेडशीट पुरे. नोंदी हजारांत गेल्या की पायथॉन किंवा आर (R) ही प्रोग्रामिंग भाषा शिका.

पण आधी दोरी घ्या. पाच लांब्या मोजा, प्रत्येकीला दहा झोक्यांचा वेळ घ्या आणि दहाने भागा. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदांची गफलत झाली तरी एका झोक्याला ती ०.०२ च उरते. झोका लहान ठेवा. मग वेळेऐवजी वेळेचा वर्ग उभ्या अक्षावर आणि मीटरमधली लांबी आडव्या अक्षावर घ्या. सिद्धांत म्हणतो, आता खरोखर सरळ रेषा यावी, चढ सुमारे ४.०२ असावा आणि ती शून्यातून जावी.

चढ जवळपास तेवढाच येईल. शून्यातून मात्र बहुधा जाणार नाही, थोडी वरून जाईल, समजा ०.०८ वरून. मोजण्यातली चूक म्हणून सोडून देऊ नका. ०.०८ ला ४.०२ ने भागा. ०.०२ मीटर, म्हणजे दोन सेंटिमीटर. आता पट्टी घेऊन दोरीच्या गाठीपासून नटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. तुम्ही लांबी गाठीपर्यंतच मोजली होती.